धोका किती, वसवसा किती

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे अशी आहेत की त्यांना वेगवेगळी उत्तरे देण्यापेक्षा एकत्र बोललेले बरे. तिन्हींवर नाव नाही, आणि ते आम्हाला मान्य आहे. एक पोलादपूर तालुक्यातल्या तरुणाचे, दुसरे महाडजवळच्या गावातल्या एका आईचे, तिसरे एका बहिणीचे. तिन्हींचा विषय गुप्तरोग. घरात मोठ्याने बोलला न जाणारा.

हे पान घरातले सगळे वाचतात, म्हणून असे विषय घेऊ नयेत, असे काही वाचक आम्हाला सुचवतात. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. तहारतचे मसले आपल्याकडे मदरशातल्या लहान मुलालाही शिकवले जातात. गुस्ल केव्हा वाजिब होते, हे सांगताना कोणी आडपडदा ठेवत नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मुलींसाठी लिहिलेल्या 'बहिश्ती जेवर'मध्ये हैज, निफास आणि गुस्लचे मसले सरळ शब्दांत आहेत, आणि ते पुस्तक आपल्या आया-आज्यांच्या कपाटात होते. तेव्हा साफ बोलणे आपल्याला नवे नाही. मधल्या काळात आपण ते विसरलो, एवढेच.

आता पहिले पत्र. हा भाई मुंबईत नोकरी करतो, गाववाल्यांच्या खोलीत राहतो. मंगनी झाली आहे, निकाह ईदनंतर ठरला आहे. चार महिन्यांपूर्वी तो मित्रांबरोबर एका मालिशच्या दुकानात गेला. तिथे काय झाले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे: मिठी, चुंबन, हाताचा स्पर्श. त्यापुढे काही नाही. तेव्हापासून त्याने तीन वेळा रक्त तपासले, सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या महिन्यानंतर आणि आता पुन्हा. तिन्ही वेळा एचआयव्ही, कावीळ बी आणि गरमीची चाचणी निगेटिव्ह. तरी तो दिवसातून चार-चार वेळा आंघोळ करतो, जंतुनाशकाने गुळण्या करतो, नमाजीत मन लागत नाही, आणि आता मंगनी मोडण्याच्या विचारात आहे. 'त्या मुलीची जिंदगी बरबाद करण्यापेक्षा मीच बाजूला होतो,' असे लिहितो.

भाई, आधी विज्ञानाचा हिशेब. एचआयव्हीचा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो तो रक्त, वीर्य, योनीतला किंवा गुदद्वारातला स्राव आणि आईचे दूध यांतून. लाळ, घाम, अश्रू, लघवी यांतून तो जात नाही. अंगाबाहेर हवेत आला की लवकर निकामी होतो, आणि धड असलेल्या कातडीतून आत शिरत नाही. त्यामुळे हाताच्या स्पर्शाने, मिठीने, कपड्यांवरून झालेल्या जवळिकीने एचआयव्ही होत नाही. चुंबनाचेही तेच. जगभरात जे एखाद-दुसरे प्रकरण नोंदले गेले आहे त्यात दोघांच्याही तोंडात रक्त येणाऱ्या जखमा होत्या. तुम्ही लिहिले आहे तसे झाले असेल, तर पहिली चाचणीसुद्धा धोक्यापेक्षा मनाच्या समाधानासाठीच होती.

पण स्पर्शातून काहीच होत नाही, असेही आम्ही सांगणार नाही. अर्धे सांगितले तर उरलेले अर्धे माणूस रात्री मोबाईलवर शोधतो आणि अधिकच घाबरतो. काही आजार कातडीला कातडी लागून जातात. हर्पिस त्यातला एक. ताप गेल्यावर ओठाच्या कडेला जे पाण्याचे फोड उठतात तो त्याच घराण्यातला विषाणू. जगात पन्नास वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त माणसांच्या अंगात तो असतो, आणि बहुतेकांना तो लहानपणी घरातल्या कोणी घेतलेल्या पाप्यातून मिळालेला असतो. मग काय घरातल्या सगळ्या खालांवर संशय घ्यायचा? दुसरा एचपीव्ही, ज्याने मस येतात आणि ज्याच्या काही जातींमुळे बायकांना पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो. तो मुख्यतः जननेंद्रियांच्या स्पर्शातून जातो, हस्तांदोलनातून नव्हे. गरमी, म्हणजे सिफिलिस, तोंडात किंवा ओठावर तिची जखम असेल तर चुंबनातूनही जाऊ शकते, पण हे क्वचित घडते. ती जखम दुखत नाही, साधारण तीन आठवड्यांनी उठते, जास्तीत जास्त नव्वद दिवसांत, आणि काही न करता बरीही होते. लोक इथेच फसतात. जखम गेली तरी आजार रक्तात राहतो आणि पुढे अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, पुरळ येते. सुरुवातीलाच गाठली तर पेनिसिलिनच्या एका मोठ्या डोसात ती जाते. तोंडाने केलेला संबंध मात्र या यादीत वेगळा धरावा. त्यात एचआयव्हीचा धोका फार कमी, पण परमा, गरमी आणि हर्पिस यांचा खरा.

आणि खरूज! दमट कोकणात, एका खोलीत दहा-दहा गाद्या पडलेल्या ठिकाणी, खरूज आणि जांघेतला नायटा हेच सगळ्यात जास्त पसरतात. आमच्याकडे 'गुप्तरोग झाला' म्हणून आलेल्या पत्रांतली किती तरी वर्णने निव्वळ नायट्याची असतात. पावसाळ्यात ओली चड्डी अंगावर वाळवली की तो होतो. मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली की चार दिवस बरा वाटतो आणि मग दुप्पट पसरतो.

राहिला चाचणीचा कालावधी. शिरेतून रक्त काढून केलेली नव्या पद्धतीची एचआयव्ही चाचणी संबंधानंतर १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. बोट टोचून करतात ती साधी चाचणी २३ ते ९० दिवस घेते. म्हणून नव्वद दिवसांनंतरचा निगेटिव्ह रिपोर्ट हा पक्का. चौथी चाचणी तुम्हाला काही नवे सांगणार नाही. ती फक्त पाचवीची तलब लावेल.

याला आपल्याकडे नाव आहे: वसवसा. वुजू झाला की नाही, कोपर भिजले की नाही, म्हणून हौदावर बसून राहिलेली माणसे आपण पाहिली आहेत. अशा माणसाला आलिम काय सांगतात? शंकेने खात्री मोडत नाही, उठ आणि नमाजीला उभा राहा. फिक्हचा हा जुना कायदा लॅबच्या रिपोर्टालाही लागू पडतो असे आम्हाला वाटते. गुनाहाची भीती आणि रोगाची भीती तुम्ही एकाच पिशवीत बांधली आहे, म्हणून एक सोडवायला गेलात की दुसरी बाहेर येते. तौबा हा तुमचा आणि तुमच्या रबचा मामला. रक्ताचा मामला मिटलेला आहे. एवढे वाचूनही हात धुणे थांबत नसेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. हा ओळखीचा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि ते घेतल्याने कोणी वेडा ठरत नाही. मंगनी मोडण्याचे यात आम्हाला काहीच कारण दिसत नाही. मोडलीत तर त्या मुलीच्या घरी लोक काय काय बोलतील, याचा विचार करा.

याच भाईने शेवटी विचारले आहे, 'आपल्यात सुन्नत असते, म्हणून आपल्याला हे आजार होत नाहीत, हे खरे का?' हा समज आपल्या पोरांत फार पसरला आहे. त्यात सत्य आहे, पण ते सत्य पूर्ण माहीत असले पाहिजे. २००५ ते २००७ या काळात दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या मोठ्या चाचण्यांत दिसले की खतना झालेल्या पुरुषाला बाईकडून एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जास्त प्रादुर्भावाच्या देशांसाठी त्याची शिफारसही केली. पण साठ म्हणजे शंभर नव्हे. परम्यापासून खतना वाचवत नाही. आणि नवऱ्याला एचआयव्ही असेल तर त्याच्या खतन्याने बायको वाचत नाही.

संडासाची सीट, विहिरीचे पाणी, मशिदीचा हौद, डास, एकच टॉवेल, शिंक, एका थाळ्यात जेवण: यांतून एचआयव्ही होत नाही. न्हाव्याचे पाते मात्र नवे असावे, हिजामा करणाऱ्याचेही. त्याचे कारण एचआयव्हीपेक्षा दुसरेच आहे, आणि ते दुसऱ्या पत्रात येते.

महाडजवळच्या त्या आईचा बावीस वर्षांचा मुलगा आखाती देशात जाणार होता. एजंटला पैसे देऊन झाले होते. मुंबईला मेडिकल झाले आणि 'अनफिट' आला. कागदावर लिहिले होते, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. एजंटच्या ऑफिसात कोणी तरी म्हणाले की हा बायकांकडे गेल्यावर होणारा रोग आहे. ते वाक्य मुलाच्या आधी गावात पोहोचले. मुलगा कसम खातो, बाप बोलत नाही, आणि आईने त्याचा ताट-पेला वेगळा केला आहे. ती विचारते, 'खरे काय समजावे?'

आपा, हा विषाणू शरीरसंबंधातून जातो हे खरे आहे. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी लोकांत तो कायमचा राहतो. बाकीचे बरे होतात, पुष्कळदा त्यांना कळतही नाही. हाच विषाणू जन्मताना किंवा तान्ह्या वयात लागला तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांत तो कायमचा राहतो. म्हणजे बावीस वर्षांच्या धडधाकट मुलाच्या रक्तात तो मुरलेला सापडला, तर बहुधा तो पाळण्यातून आलेला असतो: बाळंतपणात आईकडून, किंवा लहानपणी घरातल्या कोणाच्या जखमेतून, न उकळलेल्या सुईतून, पात्यातून. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस जिवंत राहतो, म्हणूनच पाते नवे हवे. आणि याची लस सरकारी लसीकरणात देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. तुमच्या मुलाच्या जन्माच्या वेळी ती गावातल्या बाळांना सरकारी लसीकरणात मिळत नव्हती.

तेव्हा आधी ताट-पेला परत एकत्र आणा. जेवणातून, मिठीतून, चुंबनातून हा आजार जात नाही. वेगळे ठेवायचे ते फक्त दाढीचे पाते, नेलकटर आणि टूथब्रश. घरातल्या सगळ्यांनी, आपा, तुम्ही स्वतःही, रक्त तपासून घ्या. ज्यांना आजार नाही त्यांनी लस घ्यावी: आज एक, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. तुमची तपासणी पॉझिटिव्ह आली तर तुमचा दोष शोधू नका, तुम्हालाही तो तुमच्या आईकडून आला असेल. मुलाने पोटाच्या किंवा यकृताच्या डॉक्टरांना दाखवावे. सगळ्यांना औषध लागत नाही, पण ठराविक मुदतीने यकृताची तपासणी आयुष्यभर लागते. २८ जुलै २०१८ पासून सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध मोफत मिळते. पुढे त्याचे लग्न होईल, मुलेही होतील. बायकोला आधी खरे सांगायचे, तिला लस द्यायची, बस्स. आणि ज्यांनी गावात जीभ चालवली, त्यांना तोहमत कशाला म्हणतात ते एखाद्या जुम्याला मिंबरवरून ऐकवता आले तर पाहा.

जाता जाता मेडिकलबद्दल आणखी एक. तिथे गरमीसाठीही रक्त पाहतात. व्हीडीआरएल नावाची चाचणी कधी कधी मलेरिया, कुष्ठरोग, सांध्यांचे काही आजार किंवा गरोदरपणातही खोटी पॉझिटिव्ह येते. उलट टीपीएचए ही चाचणी एकदा गरमी होऊन पूर्ण बरी झाली तरी बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. म्हणून एका कागदावरून कोणाचे चारित्र्य वाचू नये, आणि उपचार झाले असतील तर त्यांचे कागद फाडून टाकू नयेत.

तिसरे पत्र सगळ्यात छोटे आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नऊ ओळी. या बहिणीचा नवरा दोन वर्षांनी बाहेरून आला, दीड महिना राहिला आणि परत गेला. त्याला जाण्याआधी लघवीला जळजळ होती, त्याने मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या. आता हिला अंगावरून पांढरे-पिवळे जाते, ओटीपोट दुखते, दोनदा ताप आला. सासू म्हणते उष्णता आहे, जिरे-खडीसाखरेचे पाणी पी. ती आम्हाला विचारते की एखादे घरगुती औषध सांगा.

पहिल्या भाईला धोका नव्हता आणि त्याने तीनदा रक्त तपासले. या बहिणीला धोका आहे आणि ती जिऱ्याचे पाणी पिते. ही उलटापालट आम्ही या पानावर वर्षानुवर्षे पाहतो.

बहिणी, घरगुती औषध आम्ही सांगणार नाही. नुसते पांढरे जाणे हे बहुतेक वेळा गुप्तरोगाचे नसते. बुरशीने होते, साखरेच्या आजारात होते, पाळीच्या मध्यावर थोडे सगळ्यांनाच होते, आणि त्यावरून नवऱ्यावर संशय घेणे बरोबर नाही. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी एकत्र आहेत: पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणे आणि ताप. शिवाय नवऱ्याची जळजळ. जळजळ मूतखड्यानेही होते, साध्या लघवीच्या संसर्गानेही होते. पण परमा किंवा क्लॅमिडिया असेल तर पुरुषाला काही दिवसांत जळजळ आणि पू दिसतो, बाईला मात्र पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि संसर्ग आतून वर चढत गर्भनलिकांपर्यंत जातो. तिथे व्रण राहिले की मूल राहत नाही, किंवा नळीत राहते आणि जीव धोक्यात येतो. मग सगळे तिलाच वांझ म्हणतात.

म्हणून या आठवड्यातच जा. पुढच्या महिन्यात नको. ताप वाढला किंवा पाळी चुकली असेल तर त्याच दिवशी. महाडच्या किंवा पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते फोन करून विचारा. तिथे नऊ ओळींत आम्हाला लिहिले तेवढेच सांगा, बाकी त्या विचारतील. सरकारी दवाखान्यांत या तक्रारींसाठी लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटे मोफत मिळतात. मोठ्या रुग्णालयांत त्या विभागाला 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात, आपल्या जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला आहे. एचआयव्ही आणि गरमीची चाचणीही करून घ्या. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तुमच्या संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. तुमच्या सासूबाईंनाही नाही. आधी फोनवर बोलायचे असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे, नाव विचारत नाहीत, मराठीत बोलतात.

नवऱ्यालाही तिकडे उपचार घ्यावा लागेल. दोघांपैकी एकाने औषध घेतले तर पुढच्या सुट्टीत हेच परत येते. त्याला कसे सांगावे, हे तुम्ही पत्रात लिहिले नाही, पण तीच खरी अडचण असणार. आमचा सल्ला असा की भांडणाने सुरुवात करू नका. 'मला डॉक्टरांनी औषध दिले आहे, तुम्हालाही घ्यायला सांगितले आहे, तुमची जळजळ थांबली का?' एवढेच बोला. बाकीचा जाब विचारायचा तुमचा हक्क आम्ही काढून घेत नाही, पण तो तब्येत सावरल्यावर विचारा.

भाई लोकांसाठी दोन ओळी उरल्या. एसटी स्टँडच्या आणि हायवेच्या भिंतींवर 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' अशी अक्षरे रंगवलेली असतात. तिथला माणूस आधी तुम्हाला घाबरवतो, मग भुकटी विकतो. आणि खरोखर धोक्याचा संबंध घडला असेल, किंवा कोणावर जबरदस्ती झाली असेल, तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखणारे औषध सुरू करता येते. ते २८ दिवस घ्यायचे असते, सरकारी रुग्णालयात मिळते, आणि जितके लवकर तितके चांगले. तास महत्त्वाचे असतात हे महाडकरांना वेगळे सांगायला नको. विंचू चावलेली माणसे मांत्रिकाकडे रात्र घालवत आणि सकाळी दगावत, ते याच तालुक्यात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी पाहिले आणि प्राझोसिनचा उपचार रूढ केला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मांत्रिकाची जागा आता मोबाईलने घेतली आहे, एवढाच फरक.

तिसऱ्या पत्राच्या बहिणीने डॉक्टरांना दाखवल्यावर आम्हाला दुसरे कार्ड टाकावे. नाव नको, 'नऊ ओळी' एवढेच लिहिले तरी आम्ही ओळखू.